बेडकाची उडी आणि पाण्याचा आवाज: वाजवण्यासाठी छोटा स्पीकर घेताना

आमच्या बाहुल्यांच्या खेळात एक बेडूक आहे. विहिरीच्या काठावर तो बराच वेळ बसून राहतो आणि मग एकदम पाण्यात उडी घेतो. तो पाण्याला टेकला की ‘डुबुक’ वाजलं पाहिजे. हे ‘डुबुक’ मी वाजवते. पडद्याच्या कडेला बसते, मांडीवर २५ पट्ट्यांचा मिडी कीबोर्ड (तो स्वतः वाजत नाही, काय वाजवायचं ते टॅबलेटला कळवतो), त्याच्यावर आठ रबरी पॅड, शेजारी टॅबलेट. दारं, पावलं, पाऊस, मधूनमधून येणाऱ्या धुना, सगळं मी घरी टॅबलेटवर तयार करते आणि खेळाच्या वेळी बाहुल्यांकडे बघत हाताने वाजवते. आधी रेकॉर्ड करून ठेवलेलं संगीत लावायचं नाही, हे आम्ही पहिल्या खेळापासून ठरवलेलं. बाहुली दर वेळी थोडी वेगळी चालते आणि मला तिच्या पावलाबरोबर पाऊल टाकायचं असतं.

उचलून न्यायला सोपा म्हणून मी बॅटरीवर चालणारा एक ब्लूटूथ स्पीकर घेतला होता. गाणी ऐकायला तो छान होता. रंगीत तालमीत मात्र बाहुल्या नाचवणाऱ्या आमच्या ताई मध्येच थांबल्या आणि म्हणाल्या, “तू उशिरा वाजवतेस गं. बेडूक बुडून गेल्यावर पाणी वाजतंय.”

मला वाटलं, माझाच हात जड झालाय. तीन दिवस मी उडीच्या जरा आधी पॅड मारायचा सराव केला. बेडूक कसाबसा साधला, पण धून वाजवायला घेतली की बोटं अडखळायची, कारण कान एक सांगायचा आणि बोट दुसरं. आपलाच आवाज मागून यायला लागला की माणूस नकळत त्याची वाट बघतो, वाट बघितली की आणखी मागे पडतो आणि लय ढासळत जाते. चौथ्या रात्री घरातले झोपले होते म्हणून वायरचे इअरफोन लावले, आणि ‘डुबुक’ अगदी बोटाखाली वाजलं. हात तोच, पॅड तोच, टॅबलेट तोच. बदललं होतं ते फक्त शेवटचं यंत्र.

त्या रात्रीपासून ‘वाजवण्यासाठी’ म्हणून स्पीकर शोधायला लागले. बेतात बसणारा, एका हातात उचलता येणारा, विजेच्या वायरीशिवाय चालणारा आणि उशीर न करणारा. यातल्या पहिल्या तीन गोष्टी खोक्यावर छापलेल्या असतात. चौथी बहुतेक वेळा कुठेच लिहिलेली नसते, ती आपली आपणच मोजावी लागते.

मोजायची रीत सोपी आहे. दुसऱ्या एखाद्या फोनवर आवाज रेकॉर्ड करणारं असं अॅप घ्यायचं, ज्यात ध्वनिलहरीचं चित्र मोठं करून बघता येतं. तो फोन पॅड आणि स्पीकर यांच्या अगदी जवळ ठेवायचा आणि पॅड नखाने जोरात मारायचा, म्हणजे नखाची ‘टक’ही रेकॉर्ड होते आणि त्यानंतर स्पीकरमधून येणारा आवाजही. चित्रात दोन टोकं उभी दिसतात, त्यांच्यामधलं अंतर म्हणजे तुमचा उशीर. आवाज टोकदार निवडा, काठी वाजल्यासारखा. व्हायोलिनसारखा हळू चढणारा आवाज घेतला तर तो नेमका कुठे सुरू झाला तेच कळत नाही. मी दर वेळी दहा ठोके मारले आणि मधला आकडा धरला. वायरचा इअरफोन फोनच्या माइकला टेकवून मोजलं तेव्हा उशीर आला १९ मिलिसेकंद. ब्लूटूथ स्पीकरचा आला २१२. तोही स्थिर नाही, कधी २०० तर कधी २२५.

२१२ मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण मिनिटाला १२० ठोक्यांची लय धरली तर एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा होतो आणि चौपटीत वाजवताना एकेका स्वराला १२५ मिलिसेकंद मिळतात. म्हणजे माझं बोट तिसऱ्या स्वराकडे निघालेलं असताना कानावर पहिला येत होता. दुसऱ्या मापाने सांगते. साधारण २० अंश तापमानाच्या हवेत आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर. त्या हिशेबाने माझ्या पायाशी ठेवलेला स्पीकर ७० मीटरहून लांब असल्यासारखा वाजत होता. इतक्या लांबून कुणी डुबुक वाजवून दाखवावं आणि ते उडीशी जुळावं, हे व्हायचं कसं!

किती उशीर चालतो? वाजवणाऱ्यांच्या बोलण्यात १० मिलिसेकंदांचा आकडा नेहमी येतो, आणि तो रास्त आहे. मोठ्या खोलीत वाजवणारे दोघे तीन मीटरवर बसले तरी एकमेकांचा आवाज त्यांना ९ मिलिसेकंदांनीच पोचतो, आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नसते. माझ्यापुरतं म्हणाल तर २० पर्यंत बोट बिनधास्त चालतं. तिशीच्या पुढे टकटक करणारे आवाज खटकायला लागतात. तंतुवाद्यांचा लांब, मऊ सूर धरायचा असेल तर ४० सुद्धा निभावतात. त्यापुढे मी आवाजाला धरून वाजवतच नाही, नुसत्या अंदाजाने वाजवते. आणखी एक गोष्ट अनुभवाने सांगते: २५ मिलिसेकंदांचा ठाम उशीर परवडला, पण १५ ते ३५ मध्ये हेलकावणारा नको. ठाम उशिराची हाताला सवय होते, हेलकावणाऱ्याची होत नाही.

ब्लूटूथवर हा उशीर होतो कुठे, हे नीट समजून घेतल्यावर माझा बराच गोंधळ मिटला. टॅबलेटमधून निघालेला आवाज आधी दाबून लहान केला जातो, हे काम कोडेक करतो. मग त्याचे तुकडे २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवरून जातात. त्याच पट्ट्यात वायफायही असतो, मध्ये माणसंही बसलेली असतात, त्यामुळे काही तुकडे हरवतात आणि पुन्हा पाठवावे लागतात. गाणं मध्येच तुटू नये म्हणून स्पीकर थोडा साठा जमवूनच वाजवायला लागतो. बहुतेक सगळा उशीर या साठ्याचा. ज्याला नुसतं गाणं ऐकायचंय त्याच्यासाठी ही सोयच आहे. चित्रफीत बघतानाही त्रास होत नाही, कारण बरीच अॅप चित्रालाच तेवढं थांबवून ठेवतात आणि ओठ-शब्द जुळतात. म्हणूनच कित्येकांना वाटतं की आपल्या स्पीकरला उशीर होतच नाही. माझ्या बोटाला मात्र कुणी थांबवून ठेवू शकत नाही.

खोक्यावरच्या ‘ब्लूटूथ ५.०’, ‘५.३’ या आकड्यांना मीही आधी भुलले होते. त्या आकड्यावरून उशीर कळत नाही. नेहमीच्या पद्धतीत प्रत्येक ब्लूटूथ स्पीकरला एसबीसी हा कोडेक यावाच लागतो आणि त्यावर दीडशे ते अडीचशे मिलिसेकंदांचा उशीर अगदी सर्रास असतो. ॲपटीएक्स लो लेटन्सी नावाचा कोडेक हे काम ४० मिलिसेकंदांच्या आसपास करतो, पण तो देणाऱ्या आणि घेणाऱ्या दोन्ही यंत्रांत असावा लागतो. एकाकडे नसेल तर दोघं गुपचूप एसबीसीवर येतात आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. आयफोन आणि आयपॅड एसबीसी आणि एएसी एवढंच बोलतात, तेव्हा त्यांच्यासाठी स्पीकरवरचं ॲपटीएक्सचं चिन्ह बिनकामाचं. २०२० मध्ये आलेल्या ब्लूटूथ ५.२ पासून एलई ऑडिओ नावाची नवी पद्धत सुरू झाली. तिचा एलसी३ कोडेक ७.५ किंवा १० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत काम करतो, त्यामुळे पुढे आशा आहे. पण इथेही दोन्ही बाजूंनी ती भाषा यावी लागते. आज बेतातला स्पीकर घेऊन उद्या त्यावर खेळ करायचा असेल तर त्या आशेवर पैसे लावू नयेत, असं माझं मत आहे.

बिनतारी म्हटलं की उशीर आलाच, असंही समजू नका. गिटारवाल्यांसाठी बॉसचा डब्ल्यूएल-२० हा बिनतारी संच येतो, त्याचा उशीर कंपनी २.३ मिलिसेकंद सांगते. तोही २.४ गिगाहर्ट्झवरच चालतो. तो वाजवणाऱ्यांसाठीच बनवलाय आणि आपले घरगुती स्पीकर ऐकणाऱ्यांसाठी, सगळा फरक तिथे आहे.

तर वायर. पण वायर लावायला भोक हवं, आणि तेच दिवसेंदिवस गायब होत चाललंय. जेबीएलच्या फ्लिप ४ ला ३.५ मिलिमीटरचा ऑक्स, म्हणजे वायरीने आवाज आत घ्यायचं भोक, होता, २०१९ च्या फ्लिप ५ पासून नाही. गो २ ला होता, गो ३ ला नाही. अँकरच्या साउंडकोअर २ ला आहे. जेबीएलच्याच फ्लिप ७ आणि चार्ज ६ यांना यूएसबी-सीच्या वायरीने आवाज घेता येतो, पण अशा स्पीकरवर वाजवून किती उशीर होतो ते मी पाहिलेलं नाही, म्हणून त्याबद्दल मत देत नाही. सांगायचं एवढंच की एकाच नावाच्या मालिकेत एका वर्षी ऑक्स असतो आणि पुढच्या वर्षी नसतो. नावावर जाऊ नका. स्पीकर उलटा करा, मागचं रबरी झाकण उघडा आणि भोक स्वतःच्या डोळ्यांनी बघा. नुसतं चार्जिंगचं भोक असेल तर तो खाली ठेवा.

भोक आहे म्हणजे काम झालं, असंही नाही. इथे मी दुसऱ्यांदा फसले आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. दुसरा स्पीकर घेतला तो ऑक्स बघूनच. वायर लावून मोजलं तर ५८ मिलिसेकंद! इअरफोनवर १९ येत होते, म्हणजे बाकीचे ३९ हा एकटा स्पीकर खात होता. कारण आत सगळा कारभार डिजिटल. वायरीतून आलेला आवाज तो आधी आकड्यांत बदलतो, त्याचा खर्ज फुगवतो, मोठा झालेला आवाज दाबून सरळ करतो आणि मग पुन्हा आवाजात आणतो. लहान डब्यातून मोठा, गोल आवाज काढायची ही युक्ती आहे आणि ऐकणाऱ्याला ती आवडते. मला ती दोन्हीकडून नडली: उशीर झाला, शिवाय घरी हळू आवाजात तयार केलेला ढोल खेळात मोठ्याने वाजवला की त्याचा रंगच बदलायचा, कारण आवाजाच्या पातळीप्रमाणे आतला खर्ज कमीजास्त होत होता.

त्याची दुसरी खोड याहून वाईट. बॅटरी वाचवायला तो काही मिनिटं शांतता मिळाली की झोपी जायचा. आमच्या खेळात म्हातारी गोष्ट सांगते, तेव्हा चांगली सात-आठ मिनिटं मी काहीच वाजवत नाही. त्यानंतर पहिलंच येतं ते बेडकाचं डुबुक. स्पीकर जागा होईपर्यंत ‘डु’ गिळला जायचा आणि नुसतं ‘बुक’ ऐकू यायचं. शेवटी मी एक अगदी बारीक, ऐकू न येणारा सूर सतत सोडून ठेवायला लागले. तो इतका बारीक होता की स्पीकरने त्यालाही शांतताच मानलं. सूर वाढवला तर पुढे बसलेल्यांना ऐकू यायला लागला. मग तो स्पीकर घरी गाणी ऐकायला ठेवला.

मधल्या साखळीबद्दल थोडं. सगळं पाप स्पीकरचं नसतं. अॅपमध्ये बफर नावाची सेटिंग असते, म्हणजे आवाजाचे किती बारीक कण (सॅम्पल) जमवून मग पुढे सोडायचे ते. सेकंदाला ४४,१०० सॅम्पल धरले तर १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे २.९ मिलिसेकंद, २५६ चा ५.८, ५१२ चा ११.६ आणि १०२४ चा २३.२. कमी ठेवाल तितकं बोटाला जवळ, पण फार कमी केलात आणि यंत्र दमलं की चरचर ऐकू येते. मी २५६ वर ठेवते. अँड्रॉइडच्या फोनमध्ये फार तफावत असते. ज्या यंत्राला ‘प्रो ऑडिओ’ म्हणवून घ्यायचंय त्याने आवाज आत घेऊन परत बाहेर सोडायला ठरावीक मिलिसेकंदांहून जास्त लावू नयेत असा अँड्रॉइडचा नियम आहे, आणि सगळेच फोन तो पाळणाऱ्यांतले नसतात. म्हणून आधी वायरच्या इअरफोनवर मोजा. तिथेच ७० येत असतील तर कुठलाही स्पीकर तुम्हाला वाचवणार नाही, आधी टॅबलेटकडे बघायला हवं.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहितेय तो. ब्लॅकस्टार फ्लाय ३. खरं तर हा गिटारचा छोटा अॅम्प. मला तो सुचला तो एका गिटार वाजवणाऱ्या मैत्रिणीमुळे. तिच्याकडे बसले होते, तिने तार छेडली, आणि तार व अॅम्प यांच्यात तसूभरही फट जाणवली नाही. तेव्हा डोक्यात आलं, जे लोक वाद्याचे अॅम्प बनवतात त्यांना उशीर परवडतच नाही. गिटारवाला पहिल्या सुराला तो परत करेल. आणि अशा अॅम्पला सरावासाठी फोनमधलं गाणं लावायला एक लाइन-इन बहुतेक असतंच. मला नेमकं तेच भोक हवं होतं.

फ्लाय ३ मध्ये ३ वॉटचा अॅम्प आहे, ३ इंची एकच स्पीकर, आणि वजन एक किलोच्या आत. सहा पेन्सिल सेलवर चालतो, अॅडॉप्टरवरही चालतो. सेलवर ५० तासांपर्यंत चालेल असं कंपनी सांगते. मी तास मोजलेले नाहीत, पण एका संचात आमचे बरेच खेळ झाले. वर गिटारसाठी गेन, ओव्हरड्राइव्ह, डिले वगैरे बटणं आहेत, त्यांच्या वाटेला मी जात नाही. माझी वायर ३.५ मिलिमीटरच्या लाइन-इनमध्ये जाते आणि आवाज मी टॅबलेटवरून कमीजास्त करते. मैत्रिणीकडेच त्याच रीतीने दहा ठोके मोजले. मधला आकडा १९, इअरफोनइतकाच. अॅम्पने स्वतःचं काहीच भरलं नव्हतं. पंधरा मिनिटं गप्प बसून मग एक ठोका मारला, तोही अख्खा वाजला. त्या संध्याकाळी मी किती हलकी होऊन घरी आले ते सांगता येणार नाही.

आता यातून काय मिळत नाही तेही स्पष्ट सांगायला हवं. तीन इंची स्पीकरमधून खर्ज निघत नाही, कुणाच्याच निघत नाही, तेवढी हवा तो हलवूच शकत नाही. आमच्या खेळात हत्ती आहे. त्याच्या पावलासाठी मी ४५ हर्ट्झच्या आसपासचा एक खोल धमाका बनवला होता. हेडफोनमध्ये छाती हलायची, इथे आला तेव्हा नुसती हवा गेल्यासारखं झालं. मग तोच आवाज नव्याने बांधला. मूळ धमाका तसाच ठेवला, त्यावर १५० ते २०० हर्ट्झमधला एक थर चढवला आणि सुरुवातीला रिकाम्या लाकडी पेटीवर मूठ आपटून रेकॉर्ड केलेला ठोका जोडला. वरचे स्वरांश नीट मिळाले की खालचा मूळ सूर कान स्वतःच भरून काढतो. आता हत्ती चालतो तेव्हा पुढच्या रांगेतली मुलं मागे सरकतात. हा बदल मला करावा लागला याचं वाईट वाटत नाही, कारण आता तो हत्ती कुठल्याही स्पीकरवर हत्तीच राहतो.

पावसाने वेगळाच धडा दिला. स्पीकर एकच, त्यामुळे डावा-उजवा आवाज एकत्र होतो. माझा पाऊस मी डाव्या-उजव्या बाजूंना खूप पसरवलेला होता आणि पसरवण्यासाठी एका बाजूची लहर उलटी केलेली. दोन्ही एकत्र आल्यावर त्या लहरींनी एकमेकींना खोडलं आणि मुसळधार पावसाची भुरभुर झाली. आत एकच स्पीकर असलेल्या सगळ्याच डब्यांवर हे होतं. छोट्या स्पीकरसाठी संगीत करत असाल तर अॅपमध्ये मोनोचं बटण दाबून मधूनमधून ऐकत जा. फ्लाय ३ ला जोडायला फ्लाय १०३ नावाचा दुसरा डबा मिळतो आणि मग दोन्ही बाजू वेगळ्या होतात. तो मी अजून घेतलेला नाही.

तीन वॉट पुरतात का, हे मला सगळ्यात जास्त विचारलं जातं. वर्गाएवढ्या खोलीत, तीस-चाळीस मुलं पुढ्यात बसलेली असताना पुरतात, पण अॅम्प जमिनीवर ठेवून नाही. मी तो बसलेल्या मुलांच्या कानांच्या उंचीवर, पडद्याच्या पुढच्या कडेला ठेवते, तोंड मुलांकडे. जमिनीवर ठेवला की पहिल्या रांगेच्या गुडघ्यांतच आवाज अडकतो. मोकळ्या मैदानात पुरत नाहीत, तिथे आम्ही जे ध्वनिक्षेपक असतील त्यांना वायर जोडतो. घरी टेबलावर धून रचायला मात्र तीन वॉटही जास्त होतात.

ज्यांना थोडा भारदस्त आवाज हवाय त्यांनी याच जातीतले आणखी दोन बघावेत. बॉसचा कटाना मिनी ७ वॉटचा आहे आणि त्याचा स्पीकर ४ इंची. रोलंडचा मायक्रो क्यूब जीएक्स ३ वॉटचाच, पण स्पीकर ५ इंची आणि डबा मोठा. दोघेही सहा पेन्सिल सेलवर चालतात, दोघांनाही ऑक्स आहे. मी त्यांच्यावर खेळ केलेला नाही, त्यामुळे त्यांचा आकडा तुमचा तुम्ही मोजा. फ्लाय ३ ची ब्लूटूथ असलेली आवृत्तीही मिळते. ब्लूटूथ आहे म्हणून काही बिघडत नाही, फक्त वाजवताना त्यावर जाऊ नका.

वायरीबद्दल काटकसर करू नका. दोन्ही टोकांना ३.५ ची पिन असलेली वायर, एका टोकाला काटकोनात वळलेली, म्हणजे टॅबलेटच्या भोकावर ताण येत नाही. अशा दोन ठेवा, एक राखीव. फोनला हेडफोनचं भोकच नसेल तर यूएसबी-सीचा छोटा जोड लागतो, आणि तो आत स्वतःची डॅक चिप (आकड्यांचा पुन्हा आवाज करणारी) असलेलाच घ्या, कारण नुसता साधा जोड बऱ्याच फोनवर मुका राहतो. जोड बदलला की उशीर पुन्हा मोजा. आणि टॅबलेट चार्जिंगला, अॅम्प अॅडॉप्टरवर, मध्ये वायर, अशी तिहेरी जोडणी केलीत तर घुंऽऽ असा एक सूर मागे सतत लागू शकतो. माझ्याकडे तो लागला होता. टॅबलेटची चार्जिंगची वायर काढली आणि तो गेला. तेव्हापासून खेळाच्या आधी टॅबलेट पूर्ण भरून घेते आणि खेळात सगळं बॅटरीवरच.

स्पीकर बघायला जाल तेव्हा आपलंच साहित्य घेऊन जा: टॅबलेट, पॅड, वायर आणि मोजायला दुसरा फोन. विकणारे नेहमी एखादं गाणं लावून दाखवतात आणि गाण्यावर यातलं काहीच कळत नाही. पॅडवर दोन बोटांनी भरभर ठोके मारा, जमेल तितक्या वेगाने. ठोके बोटांखाली वाटत असतील तर पुढे जा. मग आवाज अगदी बारीक करून एखादा सूर विरू द्या आणि शेपूट मध्येच कापलं जातंय का ते ऐका. मग दहा-पंधरा मिनिटं गप्प बसा. विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की मी थांबणार आहे. या शांततेनंतरचा पहिला ठोका अख्खा आला पाहिजे. एवढं जमलं तर आवाजाचा रंग, दिसणं, पाण्यात भिजला तर काय, ते सगळं नंतर बघा.

तुम्ही वाजवत नसाल, नुसती रेकॉर्ड केलेली रचना मित्रांना ऐकवत असाल, तर यातला बराचसा खटाटोप तुम्हाला लागू नाही. तुमच्या ब्लूटूथ स्पीकरमध्ये कदाचित माझ्या अॅम्पपेक्षा गोड आवाज असेल. पण बोट आणि कान यांच्यात कुणीही आलेलं चालत नसेल, तर माझं मत वायरीला आणि वाद्याच्या अॅम्पला.

फ्लाय ३ वर पहिली तालीम झाली तेव्हा मी ताईंना काही सांगितलं नव्हतं. बेडूक काठावर बसला, बराच वेळ बसला, आणि उडी मारली. डुबुक. ताई थांबल्या नाहीत, पुढचा प्रवेश सुरू झाला. सगळं संपल्यावर बाहुल्या पेटीत ठेवताना म्हणाल्या, “ते विहिरीचं पाणी थोडं थंड कर. आत्ता ते डबक्यासारखं वाजतंय.”

तेच करत बसलेय सध्या.